बाद चिठ्ठ्या

मिरचीच्या मोसमात दोंडाईचात
कुणालाही सलग भाषण करता येत नाही.
आप्पांचंही तीन शिंकांत आटोपलं
आणि मतदान सुरू झालं.

तसं हे खरं मतदान नव्हे.
खरं नंतर, शाई लावून, पोलिसांच्या पहाऱ्यात.
हे आपलं घरातलं. तिकीट कुणाला
ते पक्षाच्या एकशे एकसष्ट माणसांनी
सोसायटीच्या जुन्या गोडाऊनमध्ये ठरवायचं.
वरून तसा कागद आला होता.
आप्पा दहा वर्षं नगराध्यक्ष.
कागद वाचला, घडी घातली, म्हणाले,
"बरं शे. व्हऊ द्या."
चहाची ऑर्डरही त्यांनीच दिली.

मोजायला मला बोलावलं.
मी पेंटर. भिंतीवर सगळ्यांचीच नावं काढतो,
ॲडव्हान्स सगळ्यांकडून घेतो,
म्हणून तटस्थ.

चिठ्ठीवर तीन नावं.
नरोत्तम आप्पा सगळ्यात वर
(त्यातला 'त्त' मला कधी जमला नाही,
दर निवडणुकीत त्याचा पाय घसरतो).
खाली झुलाल टेलर. त्याला सूचक मिळेना,
तेव्हा आप्पांनीच आपला एक माणूस दिला,
लढत दिसायला तरी हवी.
तिसरा जिजाबराव.
तो त्या दिवशी सुरतेला,
भाचीच्या साखरपुड्यात.

बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला.
आप्पा एकशे अठरा.
झुलाल नऊ. जिजाबराव तीन,
आणि त्या तिघांना तो अजून शोधतोय.

उरल्या एकतीस.
त्यांच्यावर फुली नाही, बरोबर नाही, काही नाही.
नावांच्या खाली, मोकळ्या जागेत,
कुणी पेन्सिलीने, कुणी बॉलपेनने
एकच शब्द:
पानी.

संगनमत म्हणावं
तर अक्षरं एकमेकांना ओळखत नव्हती.
एकाचा 'प' लंगडा.
एकाने कागद फाटेपर्यंत दाबून लिहिलेलं.
एकाला लिहिता येत नसावं, त्याने नळ काढला,
नळाखाली हंडा काढला,
मधली जागा तशीच सोडली.
चाळीस वर्षं ब्रश धरतोय मी,
मला ते जमलं नसतं.

आणि एक चिठ्ठी निराळी.
तिच्यावर शुद्ध 'पाणी'.
'ण'ची दुसरी रेघ ओळीखाली ओढलेली,
पदराचं टोक लोंबावं तशी.
हा 'ण' मी पाहिलेला.
आप्पांच्या फाटकावर 'ऋणानुबंध' काढलं
तेव्हा मजकूर घरातून आला होता,
वहीच्या पानावर, लीलाकाकूंच्या हातचा.
काकू महिला आघाडीत आहेत.
मत त्यांनाही होतं.

मी ती चिठ्ठी गठ्ठ्याच्या मधोमध सरकवली.

"कितल्या बाद?" आप्पांनी विचारलं.
एकतीस.
"काय लिखेल शे?"
म्हटलं, खूण नाही कुणावर.
हे खोटं नव्हतं.

त्यांनी गठ्ठा माझ्या हातातून घेतला
आणि नोटा मोजतात तसा अंगठ्याने फिरवला.
भर्रकन. मग एका जागी
अंगठा थांबला.

मी बाहेर बघत राहिलो.
पथारीवर मिरची पसरलेली, पार रेल्वे रुळापर्यंत लाल.
तोंडाला फडकं बांधून बाया
तिच्यात पायाने सऱ्या पाडत होत्या.
टँकर आला. त्यावर आप्पांचं नाव,
माझ्याच हातचं, 'त्त' घसरलेला.
बायांनी काम टाकलं नाही,
फक्त एक पोरगी कळशी घेऊन पळाली.

आप्पांनी डोळे पुसले.
"मिरची," म्हणाले.
शिंक मात्र आली नाही.

चिठ्ठ्या त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात घातल्या.
तीस की एकतीस, मी विचारलं नाही.
जाता जाता म्हणाले,
"स्टँडनी भित रंगाडी टाक.
सर्वानुमते लिख."

शब्द मोठा आणि भिंत आखूड.
'ते' कोपऱ्यावरून वळवून
शेजारच्या पानटपरीवर न्यावा लागला.
दिवेलागणीला उतरलो शिडीवरून.
ब्रश रॉकेलने धुतला.
ऑइलपेंटचं एक बरं असतं,
त्याला पाणी लागत नाही.